‘गुडबाय मिस्टर चिप्स’ : एका नापसंत बोलपटाची फेरतपासणी

एखाद्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका तपासतांना परीक्षकानें शेजारीं त्याच्या थोरल्या भावाची जुनी, उत्तम गुण मिळविलेली उत्तरपत्रिका मांडून ठेवली, आणि ओळीओळीस ‘येथें हा थोरल्यासारखें लिहीत नाहीं’ असें म्हणून तांबडी रेघ ओढली, तर त्या परीक्षेस आपण न्याय्य म्हणणार नाहीं. कदाचित् धाकट्यास विचारलेला प्रश्नच निराळा असेल! परंतु कलेच्या प्रांतांत असा अन्याय वारंवार घडतो, व तो घडल्याचें कोणास फारसें जाणवतही नाहीं. लोकांच्या आवडीस उतरलेली एखादी कृति नव्या रूपानें पुढें आली, कीं तिच्याकडे पाहणारा डोळा आधींच जुन्या कृतीनें भरलेला असतो. प्रस्तुत लेखांत अशाच एका अन्यायाची हकीकत आम्ही सांगणार आहों. ती एका इंग्रजी संगीत बोलपटाची आहे. परंतु त्याचा नायक शाळामास्तर असल्यामुळें शाळेच्या वार्षिकांत तिला जागा मागण्याचा थोडाबहुत हक्क आम्हांस आहे, असें वाटतें.

गद्य कथेस गाण्यांची जोड देऊन ती पुनः रंगविणें ही गोष्ट मराठी वाचकांस नवीन नाहीं. गोविंद बल्लाळ देवल यांचें ‘संशयकल्लोळ’ हें प्रथम ‘फाल्गुनराव’ या नांवाचें गद्य नाटक होतें. पुढें त्यांत पदें घालण्यांत येऊन १९१६ सालीं तें संगीत रूपानें रंगभूमीवर आलें, आणि सामान्य रसिक आज त्यास संगीत नाटक म्हणूनच ओळखतो. अशा वेळीं विचारावयाचा मुख्य प्रश्न हाच कीं, गाणीं नुसतीं वरून चिकटविलीं आहेत, कीं गद्यास जें बोलतां येत नव्हतें तें बोलण्यासाठीं तीं आलीं आहेत? हाच मापदंड हातीं घेऊन ‘गुडबाय मिस्टर चिप्स’ या १९६९ सालच्या संगीत बोलपटाकडे पाहावें, असें आमचें म्हणणें आहे.

मूळ कथा जेम्स हिल्टन या इंग्रज कादंबरीकाराची. हिल्टनचे वडील शिक्षक होते, आणि त्याचें स्वतःचें शिक्षण केंब्रिज येथील लेज स्कूल या शाळेंत झालें. मेथडिस्ट पंथाच्या लोकांनीं १८७५ सालीं स्थापिलेली ही शाळा. तेथें बाल्गार्नी नांवाचे एक शिक्षक दीर्घकाल होते. चिप्सच्या स्वभावचित्रांत त्यांची छाया पडली आहे, असें मानितात. १९३४ सालीं पुस्तकरूपानें निघालेली ही छोटेखानी कादंबरी थोडक्यांत अशी आहे : चिपिंग नांवाचा एक साधा, भिडस्त शिक्षक १८७० सालीं ब्रुकफील्ड या काल्पनिक शाळेंत येतो. शिस्त राखण्याच्या चिंतेंत तो हळूहळू कोरडा होत जातो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं डोंगरांत फिरावयास गेला असतां कॅथरीन ब्रिजेस या पंचविशीच्या, नव्या विचारांच्या तरुणीशीं त्याची गांठ पडते. दोघांचें लग्न होतें. तिच्या सहवासानें त्याच्या अंगचा विनोद व माया हीं मोकळीं होतात. आणि दोनच वर्षांत, १८९८ सालीं, ती बाळंतपणांत मरण पावते. पुढचीं पस्तीस वर्षें तो तिच्या आठवणींवर व मुलांच्या लोभावर काढतो. पहिल्या महायुद्धांत म्हातारपणीं शाळेची धुरा त्याच्या खांद्यावर येते, तेव्हां शत्रुपक्षाकडून लढतांना पडलेल्या शाळेच्या एका जुन्या जर्मन शिक्षकाचें नांवही तो प्रार्थनामंदिरांत इतर मृतांबरोबर वाचून दाखवितो. शत्रूवरील प्रीतीची ख्रिस्ती शिकवण याहून थोड्या शब्दांत कोण देऊं शकेल?

१९३९ सालीं सॅम वुड या दिग्दर्शकानें या कथेचा पहिला बोलपट काढिला. रॉबर्ट डोनॅट चिप्स झाला व ग्रीअर गार्सन कॅथरीन झाली. डोनॅटनें तरुण मास्तरापासून ऐंशी उलटलेल्या म्हाताऱ्यापर्यंतचीं सारीं वयें इतक्या खुबीनें वठविलीं कीं, ‘गॉन विथ द विंड’ मधील क्लार्क गेबल यासारख्या लोकप्रिय नटास मागें सारून त्या वर्षाचें उत्कृष्ट नटाचें ऑस्कर पारितोषिक त्यानें मिळविलें. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर आलेल्या या चित्रानें प्रेक्षकांच्या मनांत घर केलें. ‘मिस्टर चिप्स’ म्हटलें कीं डोनॅटची पिकलेली मिशी व मिस्किल डोळे, असें समीकरणच होऊन बसलें.

तीस वर्षांनीं, १९६९ सालीं, एम्. जी. एम्. कंपनीनें तीच कथा संगीत रूपांत पुनः पडद्यावर आणिली. पटकथा टेरेन्स रॅटिगन या नामांकित नाटककाराची. गीतें व चाली लेस्ली ब्रिकस यांच्या. वाद्यवृंदाची मांडणी जॉन विल्यम्स यांची. आणि दिग्दर्शक हर्बर्ट रॉस, हा नृत्यरचनेच्या क्षेत्रांतून आलेला व प्रथमच बोलपटाचें दिग्दर्शन हातीं घेणारा गृहस्थ. चिप्सची भूमिका पीटर ओटूल यानें केली व कॅथरीनची पेट्युला क्लार्क या प्रसिद्ध गायिकेनें. शाळेचीं दृश्यें डॉर्सेट परगण्यांतील शेरबोर्न या जुन्या शाळेंत घेतलीं. त्यामुळें दगडी कमानी, हिरवळ व प्रार्थनामंदिर यांना खरेपणाचा वास आहे.

रॅटिगन यांनीं कथेचा काळ पुढें सरकविला. त्यांचा चिप्स १९२० नंतरच्या दशकांतील आहे. मुलांना तो आवडत नाहीं, आणि आवडत नाहीं हें त्यास ठाऊक आहे. सुटीच्या आरंभीं लंडनमध्यें संगीत नाटकांत काम करणाऱ्या कॅथरीन नांवाच्या नटीशीं त्याची ओझरती भेट होते; पुढें इटलींत पाँपेईच्या प्राचीन अवशेषांत ती पुनः भेटते. तीही त्याच्याइतकीच एकाकी आहे. लग्न करून तो तिला शाळेंत आणतो, तेव्हां शिक्षकवर्ग व विद्यार्थी थक्क होतात. शाळेस मोठी देणगी देऊं पाहणारा लॉर्ड सटरविक तिच्या पूर्वायुष्यावर बोट ठेवून देणगी रोखण्याची धमकी देतो. परंतु तिच्या उर्सुला नांवाच्या नटी मैत्रिणीमुळें तो डाव फसतो. दोघांचा संसार वीस वर्षें चालतो. दुसऱ्या महायुद्धांत जवळच्या विमानतळावर सैनिकांची करमणूक करण्यास गेली असतां जर्मनांच्या उडत्या बाँबनें कॅथरीन मरण पावते. आणि त्याच दिवशीं, हेडमास्तरच्या जागीं आपली नेमणूक झाल्याचें चिप्सला कळलेलें असतें. ती बातमी तिला सांगावयाची राहूनच जाते.

या चित्राचें स्वागत कसें झालें? न्यूयॉर्क व लंडन येथील पुष्कळ टीकाकारांनीं त्यावर झोड उठविली. ओटूलच्या अभिनयाची स्तुति बहुतेकांनीं केली. परंतु चित्राविषयीं आक्षेप साधारणपणें असे होते कीं, जुन्या बोलपटाची सर यास नाहीं, गाणीं बेताचीं व अनावश्यक आहेत, आणि लांबी अतोनात आहे. शिकागोचे रॉजर एबर्ट यांच्यासारखे अनुकूल मत देणारे थोडे होते. पुढें पहिले खास खेळ संपल्यावर चित्रांतील कांहीं गाणीं कापण्यांतही आलीं.

टीकाकारांच्या या रोषाचें एक कारण चित्राबाहेर होतें, तें लक्षांत घेतलें पाहिजे. १९६५ सालच्या ‘साउंड ऑफ म्यूझिक’ या संगीतपटानें अपार द्रव्य मिळविलें, तेव्हां अमेरिकन कंपन्यांनीं त्याच्यामागून अवाढव्य खर्चाच्या संगीतपटांची रांगच लाविली. ‘डॉक्टर डूलिटल’ (१९६७) व ‘स्टार’ (१९६८) यांनीं कंपन्यांस मोठ्या तोट्यांत घातलें. आणि त्यांतील पहिल्याचे गीतकार हेच ब्रिकस होते! उलट १९६९ सालींच ‘ईझी रायडर’ व ‘मिडनाइट काउबॉय’ असे कठोर वास्तवाचे बोलपट निघाले व तरुण प्रेक्षक तिकडे वळला. अशा वेळीं लॅटिनचा एक लाजाळू मास्तर मंद सुरांत आपलें मन उघडूं लागला, तर त्याच्याकडे कान देण्याइतकी सवड कोणास असणार? संगीतपटांस कंटाळलेल्या टीकाकारांनीं मागील साऱ्या थकबाकीची वसुली या एकट्यापासून केली, असें म्हटलें तरी चालेल.

आतां आपण जुनी उत्तरपत्रिका बाजूस ठेवून ही नवी निराळी तपासून पाहूं.

पहिला बदल काळाचा. कादंबरींत व जुन्या बोलपटांत पत्नीचा सहवास अल्पकाळ टिकतो. ती जिवंत माणसापेक्षां आठवण म्हणूनच अधिक वावरते. आठवणीशीं माणसाचें भांडण होत नाहीं. आठवण गोड करून घेतां येते. रॅटिगन यांच्या कथेंत मात्र ती वीस वर्षें त्याच्याबरोबर नांदते. शाळेच्या चालीरीती, सहकाऱ्यांच्या बायकांच्या नजरा, देणगीदाराची मिजास, नवऱ्याची संधि हुकण्याची भीति, या सर्वांतून तिला रोज वाट काढावी लागते. त्यामुळें ‘पत्नीच्या प्रेमानें मास्तर सुधारला’ ही सोपी गोष्ट न राहतां, दोन प्रौढ माणसांनीं एकमेकांसाठीं काय सोसलें याचा हिशेब पुढें येतो. हा लाभ थोडा नव्हे.

दुसरा बदल कॅथरीनच्या व्यवसायाचा. मूळची कॅथरीन नव्या मतांची असली तरी चारचौघींत शोभणारी होती. ही नाटकांतील नटी आहे. हा बदल केवळ गाण्यांना निमित्त मिळावें म्हणून केला, असें कोणी म्हणेल. परंतु त्यामुळें शाळेचीच परीक्षा झाली आहे, हें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. प्रार्थनामंदिरांत रोज प्रेमाच्या गोष्टी ऐकणारी ही प्रतिष्ठित संस्था एका परक्या बाईस दाराआंत घेतांना कशी वागते? तिची योग्यता तिच्या वागण्यावरून ठरते, कीं तिच्या मागच्या धंद्यावरून? ज्यांना आपल्या समाजांत नाटकांत काम करणाऱ्या स्त्रियांकडे लोक एके काळीं कोणत्या दृष्टीनें पाहत हें ठाऊक आहे, त्यांना हा प्रश्न परका वाटणार नाहीं.

तिसरी व सर्वांत वादग्रस्त गोष्ट म्हणजे गाणीं. संगीत नाटकांत पात्र पुढें येऊन प्रेक्षकांस उद्देशून पद म्हणतें, हें आपल्या ओळखीचें आहे. या चित्रांतील पुष्कळ गाण्यांची तऱ्हा तशी नाहीं. पात्र चालत असतें, पाहत असतें, उभें असतें. ओंठ मिटलेले असतात, आणि गाणें त्याच्या मनांतील विचाराप्रमाणें पाठीमागून ऐकूं येतें. आपल्या नाट्यशास्त्रांतील शब्द वापरावयाचा तर हीं स्वगतें आहेत. फक्त तीं सुरांत आहेत. जेथें माणसें खरोखरच गातात तेथें मात्र, म्हणजे रंगमंचावर किंवा शाळेच्या प्रार्थनेंत, गाणें उघड तोंडानें म्हटलेलें आहे. हा भेद एकदां ध्यानांत आला म्हणजे गीतांची योजना अकारण वाटत नाहीं. चिप्स हा भावना बोलून दाखविणारा मनुष्यच नव्हे. वर्गांत तो व्याकरण बोलतो, भोजनगृहांत शिष्टाचार बोलतो. मग त्याचें अंतःकरण प्रेक्षकांस कळावें कसें? गद्य संवादांत त्यानें तें सांगितलें असतें तर तो चिप्स राहिला नसता. म्हणून रचनाकारांनीं तें मिटल्या ओंठांमागें ठेवून आपणांस ऐकविलें.

ओटूल हा कसलेला गवई नव्हे. तो अर्धें बोलतो, अर्धें गातो. सूर कधीं कांपतो. यावरही दोष देण्यांत आला. परंतु ज्या माणसास आयुष्यभर आपलें मन उघडतां आलें नाहीं, त्याचें मनांतलें गाणें तालीम केलेल्या गळ्यांतून निघालें असतें, तर तें खोटें वाटलें असतें. उलट पेट्युला क्लार्क ही जन्माची गायिका. तिचा आवाज मोकळा व भरदार. त्या दोन आवाजांतील अंतर हेंच त्या दोन स्वभावांतील अंतर आहे. शाळेचें गीत मुलांच्या तोंडीं येतें तेव्हां तो नित्याचा पाठ असतो. कॅथरीन त्यांत मनापासून आवाज मिसळते, तेव्हां त्याच शब्दांस अर्थ येतो. या एका प्रसंगानें ती शाळेंत कां आली हें कळतें. दुसऱ्या भाषणाची गरज राहत नाहीं.

चौथी गोष्ट पटकथाकाराविषयीं. रॅटिगन यांनीं १९४८ सालीं ‘द ब्राउनिंग व्हर्शन’ नांवाची एकांकी नाटिका लिहिली होती. तिचा नायक क्रॉकर-हॅरिस हाही ग्रीक-लॅटिनचा शिक्षक आहे. प्रकृति ढासळल्यामुळें तो शाळा सोडून चालला आहे. मुलें त्यास भितात, पत्नी त्याचा तिरस्कार करते, आणि आपलें सारें आयुष्य फुकट गेलें अशी त्याची खात्री झालेली आहे. एका विद्यार्थ्यानें दिलेल्या लहानशा पुस्तकाच्या भेटीनें त्याचा बांध फुटतो. १९५१ सालच्या बोलपटांत ही भूमिका मायकेल रेडग्रेव्ह यांनीं केली. आणि तेच रेडग्रेव्ह १९६९ च्या चित्रांत ब्रुकफील्डचे हेडमास्तर म्हणून दिसतात! आमच्या मतें हा योग पाहणाऱ्यास वाट दाखविणारा आहे. रॅटिगन हे १९३९ च्या चित्राची नक्कल करीत नव्हते. ते आपल्याच जुन्या प्रश्नाकडे पुनः वळले होते. जुना बोलपट विचारतो, ‘सर्वांचा आवडता मास्तर म्हातारा कसा झाला?’ नवा बोलपट विचारतो, ‘जो मास्तर मुलांना आवडत नाहीं, त्याच्या मनांत काय चाललेलें असतें; आणि त्याला कोणी हात दिला तर काय घडेल?’ क्रॉकर-हॅरिसला हात देणारें घरांत कोणी नव्हतें. चिप्सला कॅथरीन भेटली. दोघांमध्यें अंतर एवढेंच.

याचा अर्थ हा बोलपट निर्दोष आहे, असा नव्हे. त्याची लांबी अडीच तासांच्या वर जाते, आणि ती जाणवते. कित्येक गाण्यांच्या चाली एकमेकींच्या बहिणी वाटतात. दोन-तीन गाणीं नसतीं तर कथेचें कांहीं बिघडलें नसतें. इटलींतील दृश्यांत सृष्टिशोभेनें कथेस मागें सारलें आहे. लॉर्ड सटरविकचें प्रकरण नाटकी थाटाचें आहे व त्याचा निकाल फार सोईस्करपणें लागतो. ह्या उणीवांबद्दल टीकाकारांनीं गुण कापले, त्यांत अन्याय नाहीं. अन्याय झाला तो असा कीं, या दोषांबरोबर त्यांनीं चित्राचा मूळ हेतुही रद्द ठरविला, आणि ‘गाणीं कशास पाहिजेत?’ या प्रश्नाचें उत्तर चित्रांतच असतां तें ऐकून घेतलें नाहीं.

काळानें मात्र हा खटला हळूहळू पुनः सुनावणीस घेतला आहे. त्याच वेळीं ओटूलला ऑस्करसाठीं नामनिर्देश मिळाला होता. पारितोषिक जॉन वेनकडे गेलें, तरी संगीत अथवा विनोदी चित्रांतील उत्कृष्ट नटाचा गोल्डन ग्लोब ओटूलला मिळाला. ब्रिकस व विल्यम्स यांच्या संगीतासही ऑस्करचा नामनिर्देश झाला. उर्सुलेची भूमिका करणाऱ्या शान फिलिप्स हिला अमेरिकेंतील राष्ट्रीय चित्रपट टीकाकार मंडळानें उत्कृष्ट साहाय्यक नटी म्हणून गौरविलें. पुढें १९८२ सालीं इंग्लंडांतील चिचेस्टर येथील नाट्योत्सवांत ब्रिकस यांचीं गीतें घेऊन ही कथा रंगभूमीवर आली, आणि चिप्स झाले ते जॉन मिल्स. १९३९ च्या जुन्या बोलपटांत चिप्सच्या विद्यार्थ्याची, पीटर कॉलीची, तरुण वयांतील भूमिका ज्यांनीं केली होती तेच हे मिल्स. जुन्या चित्रांतील शिष्य नव्या चित्राचीं गाणीं गात गुरूच्या खुर्चीवर बसला. तेथें दोन्ही आवृत्तींमधील वैर मिटलें, असेंच म्हणावें लागेल.

आमच्या विद्यार्थी वाचकांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. कोणतीही कृति वाईट असें चारजण म्हणतात म्हणून ती वाईट मानूं नये. तिला आपण होऊन भेटावें, ती काय सांगूं पाहते तें आधीं ऐकावें, आणि मगच गुण द्यावे. गुण कमी द्यावे लागले तरी हरकत नाहीं. पण उत्तर वाचून द्यावे. दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. आपल्या वर्गावर येणाऱ्या शिक्षकांत कोणी हंसतमुख असतात, त्यांना आपण सहज ओळखतों. कोणी कोरडे, कडक, न बोलणारे असतात, आणि मधल्या सुटींत त्यांच्या नकला होतात. त्यांच्या मिटल्या ओंठांमागें काय चाललें आहे हें सांगण्यासाठीं पडद्यामागून गाणें ऐकूं येत नाहीं. तेथें आपणच थोडें थांबलें पाहिजे. चिप्सच्या आयुष्यांतील सर्वांत मोठी आनंदाची बातमी ऐकण्यास त्या दिवशीं कोणी उरलें नव्हतें. शिक्षकांनीं केलेल्या कष्टांबद्दल दोन शब्द बोलावयाचे असतील तर ते वर्ष संपण्यापूर्वीं बोलावे, एवढीच विनंति करून आम्ही हा लेख पुरा करतों.